भर सोळा

१

वही चोरीला गेली होती आणि वही खुंटीवरच होती.

तपासनीस बाईंना गाडीतून पाय खाली टाकतानाच ही दोन्ही वाक्यं एकदम ऐकावी लागली. पहिलं झऱ्याच्या राखणदाराकडून, दुसरं कारखान्याच्या मॅनेजरकडून. दोघंही एकाच वेळी बोलत होते आणि दोघांनाही समोरचा बोलतोय हे मान्य नव्हतं.

"बाई, माझी वही चोरली!"

"अहो, ती काय लटकतेय! डोळे आहेत ना?"

"ती वही आहे. माझी नाही."

बाईंनी हातातली बॅग पुन्हा गाडीत ठेवावी की काय असा विचार केला. तीन तासांचा खड्ड्यांचा रस्ता झाला होता, वाटेत एकदा चाक बसलं होतं, आणि साहेबांचा फोन दोनदा येऊन गेला होता. पाच वाजेपर्यंत अहवाल हवा, म्हणजे हवा.

प्रकरण वरवर सोपं होतं. डोंगराच्या पायथ्याशी एक झरा, त्यावर दगडी खोली आणि खोलीला कुलूप. झऱ्याचं पाणी पितळी तोटीतून हौदात पडे. हौदाला दोन नळ. एक कारखान्याकडे जाई, सीलबंद मीटरमधून, परवान्यात लिहिलंय तेवढंच. तिथे ते बाटल्यांत भरून 'नैसर्गिक झऱ्याचं पाणी' म्हणून विकलं जाई. उरलेलं सगळं दुसऱ्या नळाने ओढ्याला सोडायचं, ही परवान्याची अट. यंदा उन्हाळ्यात दोन महिने ओढा कोरडा पडला. ओढ्याकाठच्या रोपवाटिकेतली सगळी रोपं करपली, तक्रार झाली, खात्याची नोटीस आली. मीटरचं सील शाबूत होतं, आकडे चोख होते. मग एकच प्रश्न उरला. झरा आटला होता की ओढ्याचा वाटा कुणी पळवला होता?

याचं उत्तर झऱ्याच्या वहीत होतं. राखणदार रोज सकाळी सहाला तोटीखाली निळं पिंप ठेवी आणि आतल्या लाल रेघेपर्यंत ते भरायला किती सेकंद लागले ते वहीत लिही. त्या आकड्याला इथे 'भर' म्हणत. भर तीस म्हणजे पिंप तीस सेकंदांत भरलं. या कामापायी राखणदाराचं नाव मागे पडलं होतं. सगळे त्यांना पिंपकाका म्हणत.

बाईंनी खुंटीवरची वही काढून उघडली. पावसाळ्यात भर तीस, थंडीत तीस. उन्हाळा लागला तसा सत्तावीस, चोवीस, वीस. आणि ओढा कोरडा पडला होता त्या शेवटच्या आठवड्यात रोज सोळा.

त्यांनी बोट ठेवून पुन्हा वाचलं. तीस सेकंदांचं पिंप सोळा सेकंदांत भरलं होतं. ओढ्यात थेंब नव्हता तेव्हा झरा जवळजवळ दुप्पट वाहत होता.

२

"म्हणजे पाणी चोरीला गेलं," बाई म्हणाल्या. "आणि खोलीची किल्ली तुमच्याकडे असते, काका."

पिंपकाका हौदाच्या कठड्यावर बसले होते. कमरेची किल्ली त्यांनी मुठीत धरली होती. "असते की. दुसरी मॅनेजरच्या कपाटात असते. ओढ्याचा नळ गोदामामागे जिथे वर येतो, तिथल्या झाकणालाही हीच लागते."

"ही वही तुमची नाही कशावरून?"

"माझ्या वहीची पानं फुगलेली असतात. ओल्या हातानं लिहितो मी. ही बघा, कशी कडकडीत आहे, लग्नातल्या सदऱ्यासारखी."

बाईंनी पान चाचपलं. खरंच कडक होतं. पण मॅनेजरनी त्यावर आधीच उत्तर देऊन ठेवलं होतं: तपासणी येणार म्हणून काकांनीच वही स्वच्छ उतरवून काढली असणार आणि आता अंगाशी आल्यावर कानांवर हात ठेवतायत.

"अक्षर तुमचंच दिसतंय."

"आकडे ते. आकड्यांना कसलं आलंय अक्षर? आणि माझी सही म्हणजे एक वेलांटी. कुणीही मारेल." काकांनी वहीकडे बोट केलं. "शेरा बघा. शेऱ्याचा रकाना."

शेऱ्याचा रकाना वर्षभर रिकामा होता.

"मी रोज लिहीत होतो. दोन महिने रोज. 'ओढ्याला पाणी नाही. सांगितलं.'"

"कुणाला सांगितलं?"

"ज्याला सांगायचं त्याला."

"काका, नाव सांगा!"

"नाव घेऊन काय होतंय? तुम्ही तरी सकाळपासून कुठं ऐकताय? वही खुंटीवर दिसली, झालं तुमचं समाधान."

बाईंना मनापासून राग आला. माणसाला निवृत्तीला चार महिने राहिलेत, चोरीचा आळ डोक्यावर आहे, त्यांना मदत करायला एक बाई तीन तास धक्के खात आलीय, आणि हे गृहस्थ रुसून बसलेत! पण रागाच्या खाली एक बारीक कुसळ टोचत होतं. त्यांनी खरंच ऐकलं नव्हतं.

"ओढ्याला पाणी परत कधी आलं?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं.

"तुमची नोटीस आली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी," पिंपकाका म्हणाले. "आता झऱ्याला काही टपाल येत नाही, बाई."

३

मॅनेजरच्या खोलीत पंखा फिरत होता आणि मॅनेजरही फिरत होते. बसून उत्तर दिलं तर ते खोटं ठरेल अशी त्यांना भीती असावी.

"ओढा कोरडा आहे हे काकांनी तुम्हाला सांगितलं होतं?"

"सांगितलं म्हणजे... ते रोजच काहीतरी सांगतात. तोटी गळते, कुलूप गंजलंय, बेडूक शिरलाय. मी किती ठिकाणी पुरा पडू?"

"म्हणजे सांगितलं होतं."

"कानावर घातलं असेल. मी वर कळवलं."

"वर म्हणजे?"

मॅनेजरनी छताकडे पाहिलं, तिथे फक्त पंखा होता. "वर म्हणजे वर. मालक परदेशी आहेत, जावईबापू कारभार बघतात. जे काय ते तोंडी."

"ही वही तुम्ही पाहिली होती?"

"आज सकाळी, काकांनी बोंब मारली तेव्हा. आणि घामच फुटला. बाई, एरवी भर चढला की माझ्या पोटात गोळा येतो. मागे एकदा पस्तिसावर गेला तर दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. आज पहिल्यांदा भर उतरलेला बघून गोळा आला. एवढं पाणी आलं आणि गेलं कुठं?"

"कपाटातली किल्ली?"

"कपाटातच असते. कपाट उघडंच असतं. कारखाना आहे हो, बँक नाही!"

पलीकडे प्रयोगशाळेत रसायनाच्या ताई नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. वही पाहून त्यांनी नाक उडवलं. "सोळा? शक्यच नाही. हा झरा खोलवरचा आहे, वर्षभर तीस-एकतीस. काका आजारी पडले की पिंप मीच लावते ना. भर सोळावर उतरायला डोंगर फुटावा लागेल."

"मग आकडे खोटे?"

"खोटेच. पण मला सांगा, असलं खोटं कोण लिहील? चोराला तर उलटंच लिहायला हवं."

बाईंच्या बॅगेत खात्याकडे जमा असलेली गेल्या वर्षीची वही होती आणि तिच्यातही बारा महिने तीस-एकतीसच होते. ताई बरोबर बोलत होत्या आणि त्यामुळेच गाडी अडली होती. झरा आटला असं दाखवलं असतं तर चोर सुटला असता. पाणी दुप्पट आलं असं दाखवून चोराने आपल्याच गळ्यात फास का अडकवावा? ही वही कुणाच्याच फायद्याची नव्हती.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. बाईंनी सगळं सांगितलं.

"यात कोडं कसलं?" साहेब म्हणाले. "कुणाच्या फायद्याची नाही, म्हणजे बनावट नाही. राखणदारानेच लिहिली, लिहिताना विसरला की आपण चोर आहोत. त्याचं नाव टाका आणि मोकळ्या व्हा."

४

जावईबापू दुपारी दोनला उगवले. मालकांचे जावई वर्षभरापासून कारखान्यात होते. पांढरे बूट, पांढरी गाडी आणि टेबलावर पाणी सोडून सगळं.

"मॅडम, मी सरळ माणूस आहे," त्यांनी सुरुवात केली. सरळ माणसं हे सांगत बसत नाहीत असं बाईंना वाटलं, पण त्यांनी मान हलवली.

"आमचा ब्रँड म्हणजे विश्वास. बाटली पारदर्शक, आम्ही पारदर्शक. आता मोठे जारसुद्धा चालू केलेत, घरपोच. तो माझा वेगळा व्यवसाय आहे, त्याचं पाणी मी बाहेरून घेतो."

"ओढ्याबद्दल विचारतेय मी."

"त्याचं फार वाईट वाटलं. पण निसर्गापुढे कोण काय करणार? यंदा भर पार उतरला हो. निम्म्यावर आला. झऱ्यालाच पाणी नाही, तर ओढ्याला कुठून येणार? यात चोरी कसली आणि काय! काकांवर उगीच आळ नको, म्हातारा माणूस आहे."

"तुम्ही झऱ्याची वही पाहिलीत?"

"छे! मी कधी त्या खोलीत पायसुद्धा ठेवलेला नाही. बेडूक असतात म्हणे."

बाईंनी मनातल्या मनात त्यांच्या नावावर काट मारली. वही ओरडून सांगत होती की पाणी दुप्पट आलं, आणि हे म्हणत होते झरा आटला. यांनी वही उघडूनही पाहिली नसणार. शिवाय काकांची बाजू घेणारे दिवसभरात हे एकटेच निघाले होते.

साडेतीन वाजले. बाईंनी अहवालाचा कागद काढला, 'संशयित' या शब्दापुढे टिंब टिंब होते तिथे पेन टेकवलं आणि त्यांना स्वतःचीच चीड आली. सकाळपासून चार माणसं बोलली, प्रत्येकाने थोडं खरं सांगितलं आणि त्या सगळ्या खऱ्याची बेरीज एका निरपराध माणसाच्या नावावर येऊन थांबत होती. काका निरपराध आहेत हे त्यांना आतून माहीत होतं. पण आतून माहीत असलेलं लिहायला अहवालात रकाना नसतो.

५

तहान लागली म्हणून त्या आपली बाटली घेऊन व्हरांड्यातल्या नळाशी गेल्या. नळाला करंगळीएवढी धार. पाण्याचा कारखाना, रोज हजारो बाटल्या भरून बाहेर जातात, आणि कचेरीच्या नळाला ही अवस्था! बाई बाटली धरून उभ्या राहिल्या. पाव बाटली भरली. हात अवघडला, दुसऱ्या हातात घेतली.

रसायनाच्या ताई हात पुसत बाहेर आल्या. "लागलात का नळाचा भर मोजायला? शंभरावर जाईल."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, मग ताईंकडे.

"काय म्हणालात?"

"शंभरावर जाईल म्हटलं. चेष्टा केली हो."

"धार बारीक, म्हणून भर मोठा."

"अर्थात. पाणी कमी झालं की भर चढतो. इथं शेंबड्या पोराला माहीत आहे."

"इथं," बाई म्हणाल्या. "पण बाहेरच्या माणसाला? भर पडली म्हणजे वाढ झाली, असंच म्हणतो ना आपण एरवी?"

बाटली भरून वाहायला लागली होती आणि पाणी बाईंच्या चपलेवर पडत होतं. त्यांनी नळ बंद केला नाही. सकाळपासून त्या विचारत होत्या, ही वही कुणाच्या फायद्याची? ती फायद्याचीच होती. फक्त उलटी वाचणाऱ्याच्या.

"सगळ्यांना झऱ्याच्या खोलीत बोलवा," त्या म्हणाल्या. "आणि जावईबापूंना सांगा, एकही बेडूक नाही."

६

दगडी खोलीत पाच माणसं दाटीवाटीने उभी राहिली. तोटीचं पाणी हौदात पडत होतं, त्यामुळे सगळ्यांना जरा मोठ्याने बोलावं लागत होतं. पिंपकाका दाराशी, पाठ करून.

बाईंनी वही जावईबापूंच्या हातात दिली. "अहवाल पुरा करायचाय. या कारखान्याचे जबाबदार म्हणून तुम्ही फक्त उन्हाळ्याची पानं मोठ्याने वाचा आणि काय दिसतं ते सांगा. म्हणजे काकाही सुटतील."

"आनंदानं." जावईबापूंनी घसा खाकरला. त्यांचं बोट न चाचपडता नेमक्या पानावर गेलं. "भर तीस. मग सत्तावीस. चोवीस... वीस... आणि हे बघा, शेवटच्या आठवड्यात भर सोळा. मी म्हटलं नव्हतं? निम्मं पाणी! झराच आटला होता."

मॅनेजरचं तोंड उघडंच राहिलं. ताईंनी हसू दाबायला रुमाल तोंडाशी नेला. पिंपकाका सावकाश वळले.

"काय झालं?" जावईबापूंनी विचारलं.

"काका," बाई म्हणाल्या, "पिंप लावा."

काकांनी निळं पिंप तोटीखाली सरकवलं आणि गळ्यातलं सेकंदांचं घड्याळ जावईबापूंच्या हातात ठेवलं. "मोजा, साहेब. मोठ्यानं."

"हे काय चाललंय?"

"मोजा."

त्यांनी मोजलं. दहा. पंधरा. सोळाला पिंप अर्ध्यावर होतं. जावईबापूंचा आवाज विसाला खाली आला, पंचविसाला पुटपुटल्यासारखा झाला. तीसला पाणी लाल रेघेला लागलं.

"हा भर तीस," काका म्हणाले. "आता सोळात भरून दाखवा. दुप्पट पाणी आणा आणि भरा."

जावईबापूंनी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं, मग वहीकडे, आणि चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"भर म्हणजे सेकंद," बाई म्हणाल्या. "हे इथं मॅनेजरना माहीत आहे, ताईंना माहीत आहे, काकांचं तर नावच पिंपावरून पडलंय. यांपैकी कुणी खोटी वही लिहिली असती, तर तीसचे चाळीस केले असते, पन्नास केले असते. तीसचे सोळा तोच करेल, ज्याने कधी इथं पिंप भरताना पाहिलेलं नाही आणि जो आकड्याला पाणी समजतो. दुपारी तुम्ही मला म्हणालात, भर निम्म्यावर आला. खरा भर वर्षभर तीस होता. तो निम्म्यावर आलेला जगात एकाच ठिकाणी आहे, या वहीत. आणि वही तर तुम्ही पाहिलीच नव्हती."

"मॅनेजरनी सांगितलं असेल मला!"

"मी?" मॅनेजर एकदम उसळले. दिवसभर फिरणारा माणूस पहिल्यांदा एका जागी उभा राहिला होता. "मी ती वही आज सकाळी बघितली, आणि तुम्ही आलात दोन वाजता, सरळ बाईंकडे. बाई, आता सांगतोच. काका रोज म्हणायचे ओढा कोरडा आहे, मी रोज यांना सांगायचो. हे म्हणायचे, मी बघतो. उन्हाळाभर कपाटातली किल्ली यांच्याकडे होती. गोदामामागे टँकर उभा राहायचा. मी विचारलं नाही. माझी चूक झाली."

"जारचं पाणी बाहेरून येतं, म्हणाला होतात," बाई म्हणाल्या. "किती बाहेरून? गोदामामागचं झाकण उघडून ओढ्याच्या नळातून?"

जावईबापू पिंपाच्या काठाला हात टेकून उभे राहिले. "काकांच्या वहीत ते रोजचे शेरे होते," ते अखेर म्हणाले. "ते दिसले असते तर... मी फक्त झरा आटलेला दाखवणार होतो. कुणाला अडकवायचं नव्हतं मला."

"माझी वही कुठंय?" पिंपकाकांनी विचारलं.

"जाळली."

काकांनी मान हलवली. ओरडले नाहीत. बाईंना वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं.

पावणेपाचला बाईंनी साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, मालकांच्या जावयाचं नाव टाकताय, विचार केलाय ना? बाई म्हणाल्या, केलाय, सकाळपासून तेवढंच करतेय. आणि 'संशयित' या शब्दापुढच्या टिंबांवर त्यांनी ते नाव ठसठशीत अक्षरांत लिहिलं.

निघताना त्या झऱ्याच्या खोलीशी थांबल्या. काका कोरी वही मांडीवर घेऊन रकाने आखत होते. तारीख, भर, शेरा, सही. ओल्या हाताने आखत होते, त्यामुळे पहिलंच पान फुगायला लागलं होतं.

"काका, सकाळी मी तुमचं ऐकलं नाही. चुकलं माझं."

"कुणीच ऐकत नाही, बाई. त्यात तुमचं काय मोठंसं?" काकांनी मान वर न करता आजची तारीख घातली. भराच्या रकान्यात तीस लिहिलं. मग शेऱ्याच्या रकान्यात पेन थोडा वेळ अडकलं आणि त्यांनी सावकाश लिहिलं: 'उन्हाळ्यात दोन महिने ओढ्याला पाणी नव्हतं. रोज सांगितलं.'

खाली वेलांटी मारून त्यांनी वही बंद करायला घेतली. बाईंनी हात पुढे केला, वही मागून घेतली आणि त्याच रकान्यात, काकांच्या ओळीखाली, 'ऐकलं' एवढाच शब्द लिहून आपली पूर्ण सही केली.

काकांनी तो शब्द वाचला. शाई वाळेपर्यंत वही तशीच उघडी धरून बसले आणि मग उठून त्यांनी ती खुंटीला अडकवली.